गांधीलमाशी आणि गृहस्थधर्म

तीन वर्षांमागे आश्विन महिन्यात आमच्या घराच्या परसात एक न्यायदान झाले. फिर्यादी आम्ही, न्यायाधीश आम्ही आणि शिक्षेची अंमलबजावणी करविणारेही आम्हीच. आरोपीची ओळख मात्र कोणीही पटवून घेतली नव्हती. वीस वर्षे न्यायालयाची पायरी चढत आलेल्या माणसाच्या घरी, त्याच्या डोळ्यांदेखत आणि त्याच्या संमतीने हे घडले. म्हणून त्याचा जबाब देण्याचे उत्तरदायित्व प्रथम माझे आहे. परंतु केवळ जबाब देऊन थांबण्याचा माझा विचार नाही. आमच्या परसात जे घडले ते गोव्यातील अनेक परसांत, बेळगावकडच्या मळ्यांत आणि इंदूर-ग्वाल्हेरकडच्या जुन्या वाड्यांच्या चौकांतही घडत असते, आणि ते योग्यच घडते असे मानणारे सुज्ञ वाचकांतही पुष्कळ असतील. त्यांच्याशी मला वाद घालावयाचा आहे.

प्रथम हकीकत सांगतो. चतुर्थीचे दिवस सरले होते, पावसाने उघडीप दिली होती, आणि तुळशीवृंदावनामागच्या मोकळ्या, उन्हाने तापलेल्या जमिनीत एके सकाळी पंधरा-वीस बिळे दिसू लागली. प्रत्येक बिळाच्या तोंडाशी मोकळ्या मातीचा लहानसा ढीग, आणि त्यांवरून बोटाच्या दोन पेरांएवढ्या काळ्या, सडपातळ कमरेच्या माश्या घिरट्या घालीत होत्या. घरात लहान मुले. कोणीतरी "गांधीलमाश्या!" असे ओरडले, आणि त्या एका शब्दासरशी खटल्याचा निकाल लागला. सायंकाळी थोरले बंधू, धाकटे काका आणि मी वसरीवर बसलो, आणि पाच मिनिटांत पेट्रोलचा ठराव एकमताने संमत झाला. आमच्या वृद्ध काकू तेवढ्या दारातून म्हणाल्या, "अरे, तांकां कित्याक मारतात? तीं कोणाक कितें करतात?" ऐंशी वर्षे त्या परसात वावरलेल्या बाईचा हा प्रश्न आम्ही म्हातारपणाची हळवी भाषा म्हणून हसण्यावारी नेला.

ठराव आमचा, हात मात्र दुसऱ्याचा. कुळागरात कामाला येणाऱ्या गड्याच्या हाती पाच लिटरचा डबा देण्यात आला. आम्ही तिघे वसरीच्या कठड्यामागे उभे राहून सूचना देत होतो. त्याने बिळाबिळांत पेट्रोल ओतले आणि काडी ओढली. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, ती जमिनीलगत पसरून राहते आणि ठिणगी पडताच सारी एकदम पेट घेते, ही गोष्ट आम्हा सुशिक्षितांपैकी कोणी त्याला सांगितली नव्हती. कारण त्या क्षणी ती आमच्याही ध्यानी नव्हती. त्याचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. दुसऱ्या दिवशी परतीचा पाऊस धो धो कोसळला, आणि चार दिवसांनी विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला. आमची विहीर त्या जागेपासून जेमतेम दहा हातांवर आहे, आणि आमची जमीन जांभ्याची, म्हणजे चाळणीसारखी सच्छिद्र. दोन महिने आम्ही पिण्याचे पाणी शेजाऱ्यांकडून आणले. गड्याच्या औषधपाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी आम्ही दिली, आणि कर्तव्य पार पडले असे मानले. बरा झाल्यावर तो आला तेव्हा एवढेच म्हणाला, "बाब, त्या कामाक हांव परतून येवचो ना." त्याच्या त्या वाक्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते मला अधिक लागले.

आता आरोपीविषयी. आग विझल्यावर तिसऱ्या दिवशी मी त्या जागी गेलो. एका बिळाच्या तोंडाशी एक हिरवा नाकतोडा पडला होता. मेलेला म्हणावा तर त्याच्या मिशा थरथरत होत्या, जिवंत म्हणावा तर पाय उचलण्याची त्याला शक्ती नव्हती. कुतूहलाने मी ते बीळ खणले. वीतभर खाली एक लहानशी कोठडी निघाली. तीत तसेच दोन नाकतोडे निपचित पडले होते आणि एकाच्या छातीला भाताच्या दाण्याएवढी पांढरी अळी चिकटलेली होती. पोळे नव्हते, राणी नव्हती, सैन्य नव्हते. तेथे होती ती एका आईने आपल्या एका अपत्यासाठी भरून ठेवलेली शिदोरी.

पुढे मी या विषयावरचे वाचन केले, आणि जे आधी करावयास हवे होते ते नंतर केल्याची लाज वाटली. ज्यांना आपण सरसकट गांधीलमाशी म्हणतो त्यांत दोन अगदी भिन्न जाती-प्रवृत्तींचे जीव येतात. एक, एकेकटे राहणारे. यांतली मादी स्वतः बीळ खणते, नाकतोडा, रातकिडा किंवा अळी पकडून तिला नांगीने बधिर करते, बिळात नेऊन ठेवते, तिच्यावर अंडे घालते आणि तोंड बुजवून निघून जाते. शेजारी शेजारी वीस बिळे असली तरी ती वीस स्वतंत्र बिऱ्हाडे असतात; एकीच्या संकटाला दुसरी धावून येत नाही. तिची नांगी हे शिकारीचे हत्यार आहे. मुठीत धरली किंवा अनवाणी पायाखाली सापडली तर ती डसेल, एरव्ही माणसाच्या वाटेला ती सहसा जात नाही. नराला तर नांगीच नसते. कारण नांगी म्हणजे अंडी घालण्याच्या अवयवाचेच रूपांतर, ते नराच्या ठायी असणार कोठून? तरीही अंगावर चाल करून येण्याचा देखावा पुष्कळदा नरच करतो.

दुसरी जात संघाने राहणारी. काळा देह आणि पोटावर पिवळा-नारिंगी रुंद पट्टा असलेली मोठी गांधीलमाशी आपल्याकडे झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत आणि जमिनीतही घर करते. लाकूड चावून केलेल्या कागदासारख्या लगद्याचे तिचे पोळे असते, राणी असते, कामकरणी असतात, आणि पावसाळा सरता सरता त्यांची संख्या वाढत जाते. या माश्या घराचे रक्षण करतात. जवळ कुदळ पडली, गवत कापण्याचे यंत्र फिरले, मुलाने दगड मारला, तर त्या संघाने उठतात. मधमाशी एकदा डसून मरते, तशी या मरत नाहीत, पुन्हा पुन्हा डसतात. त्यांच्या विषाबरोबर सुटणारा गंध इतरांना हल्ल्याला बोलावतो. येथे भय खरे आहे, आणि ते खोटे आहे असे सांगणारा माणूस तुमचा हितकर्ता नव्हे.

या दोहोंत फरक ओळखण्यास शास्त्रज्ञ असावे लागत नाही. दहा-पंधरा हातांवर उभे राहून दहा मिनिटे पाहावे लागते. बिळे पुष्कळ आणि प्रत्येक बिळाशी एकच माशी, तोंडाशी मोकळी माती, माशी येते ती भक्ष्य ओढीत येते, अशी स्थिती असेल तर ती एकांतवासी. द्वार एकच, पण त्यातून एकामागून एक माश्यांची सारखी ये-जा, तोंडाशी पहारेकरणी बसलेल्या, तर तो संघ. पोटावरचा पट्टा दिसावा म्हणून जवळ जाऊ नये. रहदारीच पुरेशी साक्ष देते. आमच्या ठरावाला पाच मिनिटे लागली होती. आणखी दहा मिनिटे आम्ही काढली असती तर एक हात, एक विहीर आणि वीस निरपराध जीव वाचले असते.

आता एक विचित्र योगायोग सांगतो. या एकांतवासी माश्यांची थोरवी जगाला समजावून सांगण्यासाठी मोठमोठ्या माणसांनी आयुष्ये वेचली आहेत. फ्रान्समधील झां-आंरी फाब्र याने (१८२३-१९१५) उन्हातान्हात जमिनीवर पालथे पडून त्यांची कारागिरी पाहिली आणि लिहिली. निको टिनबर्गेन याने एका अशाच माशीच्या बिळाभोवती देवदाराच्या जातीच्या झाडांच्या फळांचे कडे मांडले, ती बाहेर गेल्यावर ते कडे थोडे बाजूस सरकवले, आणि ती परत येऊन कड्याच्या मध्यभागी आपले घर शोधू लागली. खुणा ध्यानात ठेवून ती घराची वाट ओळखते, हे त्याने अशा साध्या युक्तीने सिद्ध केले. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघांत तो एक होता. आमच्या परसात तोच ग्रंथ उघडा पडला होता, आणि आम्ही त्यावर पेट्रोल ओतले.

आणि परक्यांचे दाखले हवेतच कशाला? आपल्या वेदान्तग्रंथांत आणि संतवाङ्मयात कीटक-भृंगी न्याय वारंवार येतो. कुंभारीण मातीच्या घरट्यात अळी कोंडते, अळी तिच्या ध्यासाने तद्रूप होते आणि माशी होऊन बाहेर पडते, तसा जीव शिवाच्या ध्यासाने शिवरूप होतो, हा तो दृष्टान्त. प्रत्यक्षात अळी भक्ष्य असते आणि बाहेर पडते ती अंड्यातून वाढलेली पिल्ली, हे आज आपल्याला ठाऊक आहे. त्याने दृष्टान्ताचा अर्थ बाधित होत नाही. पण एक गोष्ट त्यातून निश्चित होते. ज्यांनी हा दृष्टान्त प्रथम योजला त्यांनी कुंभारणीचे घरटे लक्ष देऊन पाहिले होते. निष्कर्षात ते चुकले असतील. पाहण्यात चुकले नव्हते. कीर्तनात हा न्याय ऐकून माना डोलावणाऱ्या आम्ही मात्र सभामंडपातून घरी येऊन तीच माशी झाडूने चिरडावी, हा केवढा विपर्यास!

येथवर वाचून काही वाचक म्हणतील, वकीलसाहेब आता जीवदयेचा उपदेश करणार. त्यांनी थोडे थांबावे. माझा दुसरा अपराध सांगावयाचा राहिला आहे, आणि तो पहिल्याहून मोठा आहे.

पुढच्याच वर्षी कुळागराच्या बांधात, फणसाच्या मुळाशी, पुन्हा माश्या दिसल्या. गड्याने सांगितले की या निराळ्या आहेत, एकाच भोकातून निघतात. पण मी नुकताच शहाणा झालो होतो. मी मोठ्या आत्मविश्वासाने घरात जाहीर केले की या माश्या कोणाला काही करीत नाहीत, त्यांना कोणी हात लावू नये. गेल्या वर्षीच्या पापाचे प्रायश्चित्त घेण्याचा तो माझा प्रकार होता. मी स्वतः बांधापर्यंत जाऊन पाहिलेसुद्धा नाही. आठ दिवसांनी दादांचा अकरा वर्षांचा मुलगा चेंडू शोधीत तेथे गेला. सहा ठिकाणी डसल्या. घरात लोखंड घासणे आणि चुना लावणे चालू असतानाच त्याच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज बसला आणि श्वास लागला. वहिनींनी कोणाचे न ऐकता त्याला गाडीत घातले म्हणून तो वाचला. रुग्णालयात मांडीत अॅड्रेनॅलिनची सुई दिल्यावर त्याचा श्वास मोकळा झाला. त्या रात्री दादा मला म्हणाले, "तू वकील ना? मग हाही निवाडा तुझाच होता." मला उत्तर नव्हते.

पहिल्या वर्षी मी क्रूर झालो, दुसऱ्या वर्षी दयाळू झालो. आणि दोन्ही वर्षी मी पाहिले मात्र नाही. माझा वाद आहे तो या न पाहण्याशी. पेट्रोलचा डबा उचलणारा आणि "सोडा हो, जीव आहे" म्हणून हात झटकणारा, हे दोघे स्वभावाने कितीही भिन्न असोत, एका बाबतीत सख्खे भाऊ आहेत. दोघांनाही चौकशीचे कष्ट नको असतात. एक आपले भय शमवतो, दुसरा आपले मन सुखावतो. समोरचा जीव कोण आणि शेजारचे मूल कोणाचे, याचा विचार दोघेही करीत नाहीत.

महाभारताच्या आदिपर्वातील आणीमांडव्याची कथा वाचकांना ज्ञात आहे. चोर त्याच्या आश्रमात लपले, मुद्देमाल तेथे सापडला, मुनी मौनात होता म्हणून बोलला नाही, आणि राजाने चौकशीवाचून त्याला सुळावर चढविले. आमच्या तुळशीमागच्या माश्यांची गत याहून वेगळी झाली नाही. डसणारी ती दुसरी, सापडली ती ही. आणि ही मुकी. पण कथा येथे संपत नाही. पुढे मांडव्याने धर्माला विचारले की माझा अपराध काय? धर्म म्हणाला की बालपणी तू किड्यांच्या शरीरात गवताच्या काड्या खुपसल्या होत्यास. तेव्हा अल्प अपराधाला एवढी घोर शिक्षा दिलीस म्हणून मांडव्याने प्रत्यक्ष धर्मालाच मनुष्यजन्माचा शाप दिला, आणि चौदा वर्षांपर्यंतच्या कृत्याला पाप गणू नये अशी मर्यादा घालून दिली. या एका कथेत न्यायशास्त्राची तीन तत्त्वे सामावली आहेत. ओळख पटल्याविना शिक्षा नाही. अपराधाहून अधिक शिक्षा नाही. आणि किड्याला दिलेली पीडा लहान असली तरी ती हिशेबात धरली जाते. पहिली दोन तत्त्वे आमच्या न्यायालयांत रोज उच्चारली जातात; तिसरे घराच्या अंगणासाठी आहे.

"बचावाचा हक्क तर कायदाही देतो ना?" असे मला एका स्नेह्याने विचारले. देतो, पण बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क देत नाही. १८६०च्या दंडसंहितेत हे तत्त्व होते, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ते कायम आहे. हा नियम माणसामाणसांतला आहे, माशीला फिर्याद देता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण आगीशी किंवा विषारी पदार्थाशी बेफिकिरीने वागून दुसऱ्याच्या जिवाला धोका उत्पन्न करणे हा अपराध माणसाविरुद्धचाच आहे, आणि तो याच संहितेत शिक्षेस पात्र आहे. भाजलेल्या हाताचा तो गडी न्यायालयात गेला असता तर मी त्याच्याविरुद्ध कोणत्या तोंडाने उभा राहिलो असतो?

याच ठिकाणी मला माझ्या वर्गाला, सुखवस्तू भाटकारांच्या आणि नोकरदारांच्या वर्गाला, एक अप्रिय प्रश्न विचारावयाचा आहे. गांधीलमाशीचे पोळे काढावयास आपण कोणाला पाठवतो? ज्याला नाही म्हणण्याची सोय नाही त्याला. त्याच्या अंगात संरक्षक पोशाख नसतो, पायांत धड वहाणही नसते. एखाद्या जुन्या पोत्याने तोंड झाकून तो पुढे होतो, आणि आपण खिडक्या लावून घेतो. काम फत्ते झाले तर पन्नास-शंभर रुपये वर. डसल्या तर त्याच्या नशिबात होते. जे काम आपण आपल्या मुलाला सांगणार नाही ते दुसऱ्याच्या मुलाला सांगणे, याला कोणत्या धर्मशास्त्रात आधार आहे? गृहस्थाच्या घरी जे घडते त्याचे पाप गृहस्थाकडे. मजुरीबरोबर ते गड्याच्या पदरात टाकता येत नाही.

प्रतिपक्षाचे आक्षेप मी टाळू इच्छीत नाही. पहिला आक्षेप: मुलाचा जीव मोठा की माशीचा? निःसंशय मुलाचा. माझ्या पुतण्याचे सुजलेले ओठ पाहिल्यानंतर या प्रश्नाचे दुसरे उत्तर मी देऊ शकत नाही. संघाने राहणाऱ्या माश्यांचे पोळे रहदारीच्या जागी, मुलांच्या खेळण्याच्या जागी असेल तर ते काढविलेच पाहिजे, आणि त्यात पापाची भीती बाळगू नये. पण हा प्रश्न एकांतवासी माशीला लागूच होत नाही. तिच्यापासून मुलाच्या जिवाला जे भय आहे त्याहून अधिक भय उघड्या पेट्रोलच्या डब्यापासून आहे.

दुसरा आक्षेप: आमचे वाडवडील आग लावीतच होते. लावीत असतील, पण ते पेंढ्याची चूड पेटवीत. त्यांच्या परसात पेट्रोल नव्हते. विष मिसळलेल्या पुड्या तर नव्हत्याच. आज बाजारात जे मिळेल ते ओतण्याची प्रवृत्ती आहे. फोरेट आणि डायक्लोरव्हॉस ही विषे कालपरवापर्यंत घराघरांत सहज हाती येत. माणसालाही ती इतकी घातक की त्यांच्या वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून शासनाला बंदी घालावी लागली. बंदी असलेली बाटली कोठीच्या खणात पडून असेल तर ती परंपरा नव्हे, तो गुन्ह्याचा पुरावा आहे.

तिसरा आक्षेप: या माश्यांचा उपयोग तरी काय? हा प्रश्नच मला खटकतो, कारण उपयोग सिद्ध करील त्यालाच जगण्याचा हक्क, हा न्याय आपल्याला लावला तर आपल्यापैकी किती जण टिकतील? तरीही उत्तर देतो. बीळ खणणारी माशी नाकतोडे आणि रातकिडे उचलते. जमिनीलगत झुंडीने फिरणाऱ्या मोठ्या, काळ्या, केसाळ माश्या पाहून आपण घाबरतो. त्या खतातल्या आणि मातीतल्या भुंग्यांच्या अळ्या शोधीत असतात. माडाचा कोंब पोखरणाऱ्या गेंड्या भुंग्याच्या जातीच्या किड्यांची पिल्ले हेच त्यांच्या काही जातींचे भक्ष्य आहे. मॉरिशस बेटात उसाचा नाश करणाऱ्या अशाच एका भुंग्याविरुद्ध १९१७च्या सुमारास मादागास्करहून या जातीच्या माश्या मुद्दाम नेऊन सोडण्यात आल्या होत्या. लोक ज्यांना बोटीतून घेऊन जातात त्यांना आम्ही माडाच्या बुंध्याशी जाळतो!

ही चूक केवळ आपलीच आहे असेही नाही. अमेरिकेच्या पूर्व भागात आपली पुष्कळ मुले संसार थाटून आहेत. तेथे उन्हाळ्याच्या उत्तरार्धात अंगणातील हिरवळीत दीड-दोन इंच लांबीची प्रचंड माशी बिळे खणते. तिचा आकार पाहून नवखा माणूस हादरतो. ती झाडावरच्या किरकिऱ्या सिकाड्यांची शिकारीण आहे, एकेकटी राहते, आणि तिच्या बिळांवर पहारा देत अंगावर धावून येणाऱ्या नराला नांगीच नसते. तेथेही लोक विषाचे फवारे घेऊन धावतात. देश बदलला, भाषा बदलली. न पाहता मारण्याची वृत्ती तीच.

मग करावे काय? एकांतवासी माश्या असतील तर त्या थोड्या आठवड्यांच्या पाहुण्या आहेत. चार काठ्या रोवून दोरी बांधावी, मुलांना तेथे अनवाणी फिरू देऊ नये. ती जागाच हवी असेल तर मारण्याची आवश्यकता नाही. या माश्यांना कोरडी, उघडी, भुसभुशीत जमीन लागते. माती भिजवून चोपावी, गवत वाढू द्यावे, म्हणजे त्या दुसरीकडे जागा शोधतात. आपल्या पूर्वजांचे सडासारवण, चोपून घट्ट केलेले अंगण, यांनी हे काम नकळत साधले होते. आज आपण शेणसडा टाकला आणि वाळूवर सिमेंटचे ठोकळे बसविले. त्या ठोकळ्यांच्या फटींतली वाळू या माश्यांना आयतीच सापडते, आणि मग आपण तक्रार करतो.

संघाचे पोळे असेल तर प्रथम माणसे दूर करावीत. भोक बुजवू नये, पाणी ओतू नये, दगड मारू नये, धूर करू नये. घरट्यापासून दूर दोरी बांधून शेजाऱ्यांना सांगावे. पोळे वापरातल्या जागेपासून लांब असेल तर तसेच राहू द्यावे. जुन्या पोळ्यात त्या पुन्हा नांदत नाहीत. जवळ असेल तर पूर्ण पोशाख असलेल्या जाणकाराकडूनच, माश्या घरट्यात परतल्यावर, रात्री ते काढवावे, आणि त्याचे मोल कुरकुर न करता द्यावे. कोणी डसला तर हात न झाडता तेथून दूर जावे, जागा धुवावी, गार पाण्याची पट्टी ठेवावी. पण डसल्या त्या जागेखेरीज इतरत्र गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली, किंवा एकाच वेळी पुष्कळ डंख बसले, तर लोखंड नको, चुना नको, मंत्र नको, तत्काळ रुग्णालय. पुष्कळ डंखांचे विष पुढे मूत्रपिंडांवरही घाला घालते, म्हणून वरवर बरे वाटले तरी घरी बसू नये.

एका देवस्थानच्या सभेत मी हेच बोललो. जत्रेपूर्वी साऱ्या प्राकारात विष फवारून घ्यावे असा प्रस्ताव होता. मी विचारले, कोणत्या माश्या, किती बिळे, कोणी पाहिल्या? कोणीही पाहिल्या नव्हत्या. ज्या मातीवर भाविक अनवाणी चालणार, लोटांगण घालणार, त्या मातीत विष पेरण्याचा ठराव न पाहता होऊ घातला होता. त्या दिवशी ठराव पुढे ढकलला गेला. मी जिंकलो असे मी म्हणत नाही. सदस्य भोजनाला उठले होते, हेही एक कारण असावे.

मनुस्मृतीत गृहस्थाच्या पाच सूना सांगितल्या आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. या पाच ठिकाणी गृहस्थाच्या हातून अजाणता जीवहत्या होते, आणि तिच्या निष्कृतीसाठी पंचमहायज्ञ नित्य करावेत असा तेथे आदेश आहे. शास्त्रकार भाबडे नव्हते. हिंसेवाचून संसार चालत नाही हे ते जाणत होते. म्हणून त्यांनी केरसुणी वर्ज्य केली नाही, पण केर काढणाऱ्यालाही हिशेब चुकविला नाही. अपरिहार्य असेल तेवढे करावे, त्याहून अधिक करू नये, आणि केले त्याचे ऋण मानावे, असा हा गृहस्थधर्म आहे. आमच्या परसातला तो पाच लिटरचा डबा या पाचांत कोठेच बसत नाही. ती सहावी सूना आमची आम्ही निर्माण केली.

गेल्या आश्विनात तुळशीमागे पुन्हा बिळे दिसली. या वेळी पेट्रोलही आले नाही आणि फर्मानही निघाले नाही. मी, दादा, पुतण्या आणि तोच गडी, असे चौघे दूर उभे राहून पाहत होतो. गड्याच्या हातावरचा डाग अजून तसाच आहे. त्याची क्षमा मी त्या दिवशी मागितली. मजुरी देऊन तीन वर्षे जे टाळले होते ते. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने बोट दाखविले: एक माशी आपल्याहून मोठा नाकतोडा ओढीत बिळाकडे नेत होती. पुतण्या, ज्याला भिण्याचा अधिकार आम्हा सर्वांहून अधिक आहे, तो मोजीत होता. बिळे अठरा होती, आणि प्रत्येकीशी एकच माशी. त्याने स्वतःच दोरी आणली.